नव्या कपड्याची दुआ आणि तो शिवणारे हात

समस्त स्तुती त्या अल्लाहची, ज्याने माणसाला लज्जा दिली आणि ती राखण्यासाठी वस्त्रही दिले. दरूद व सलाम त्याच्या अंतिम प्रेषितांवर (स.), ज्यांनी राजवस्त्रे कधी मागितली नाहीत आणि फाटका कपडा स्वतःच्या हाताने शिवण्यात कधी कमीपणा मानला नाही.



हजरत अबू सईद खुदरी (रजि.) यांच्या कथनानुसार, प्रेषित मुहम्मद (स.) नवे वस्त्र परिधान करीत तेव्हा आधी त्याचे नाव घेत, मग ते पागोटे असो, सदरा असो की चादर, आणि त्यानंतर दुआ करीत. ही हदीस अबू दाऊद व तिर्मिजी या दोन्ही संग्रहांत आली आहे. त्या दुआत प्रथम अल्लाहची स्तुती आहे, कारण हे वस्त्र त्यानेच नेसवले. मग त्या वस्त्राची भलाई आणि ज्यासाठी ते बनवले गेले त्याची भलाई मागितली आहे. शेवटी त्या वस्त्राच्या आणि ज्यासाठी ते बनवले गेले त्याच्या वाईटापासून अल्लाहचा आश्रय मागितला आहे.

उलेमांनी याचा अर्थ असा सांगितला आहे की वस्त्र अंग झाकण्यासाठी, इबादतीसाठी आणि शुक्र अदा करण्यासाठी वापरले तर ती त्याची भलाई. गर्वासाठी, देखाव्यासाठी किंवा पापासाठी वापरले तर ते त्याचे वाईट. हा अर्थ अगदी बरोबर आहे. परंतु या दुआत ‘बनवले गेले’ हा जो शब्द आहे, त्यापाशी आज आपण थोडे थांबू या. कपडा आकाशातून पडत नाही. कुणीतरी कापूस वेचला, कुणी सूत काढले, कुणी विणले, कुणी बेतले, कुणी शिवले आणि कुणी त्यावर टिकल्या लावल्या. ज्या कपड्याची भलाई आपण अल्लाहजवळ मागतो, तो बनताना कुणाचा हक्क मारला गेला असेल, कुणाचे बालपण त्या धाग्यात गुंतून पडले असेल, तर आपली दुआ त्या गोष्टीला स्पर्श करते की नाही? या लेखाचा विषय हाच आहे.

वस्त्र ही नेमत आहे

प्रथम एक गैरसमज दूर करू. इस्लाम चांगल्या कपड्यांच्या विरोधात नाही. सूरह अल-आराफमध्ये (७:२६) अल्लाहने वस्त्राचा उल्लेख आपली देणगी म्हणून केला आहे. ते शरीर झाकते आणि शोभाही देते. त्याच आयतीत पुढे ईशभयाचे, म्हणजे तक्व्याचे वस्त्र सर्वांत उत्तम असल्याचे सांगितले आहे. थोडे पुढे (७:३१) मशिदीत जाताना नीटनेटके, शोभिवंत कपडे घालण्याचा आदेश आहे, आणि लगेच उधळपट्टी न करण्याची ताकीद आहे.

हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांनी कथन केलेली मुस्लिम शरीफमधील हदीस याहून स्पष्ट आहे. प्रेषितांनी (स.) गर्वाचा निषेध केला तेव्हा एका सहाबींनी विचारले की, माणसाला आपले कपडे चांगले असावेत, पादत्राणे चांगली असावीत असे वाटते, तर तो गर्व झाला काय? प्रेषितांनी (स.) खुलासा केला की अल्लाह स्वतः सुंदर आहे आणि त्याला सौंदर्य आवडते. गर्व म्हणजे सत्य झिडकारणे आणि लोकांना तुच्छ लेखणे.

वाचकहो, या उत्तरातील दुसरा भाग पुन्हा वाचा. दोष चांगल्या कपड्यात नाही. लोकांना तुच्छ लेखण्यात आहे. ज्याने माझा कुर्ता शिवला तो माणूस माझ्या लेखी कुणीच नाही, त्याचे वय, त्याची मजुरी, त्याचे डोळे यांचा विचार करण्याचे मला कारणच नाही, ही मनोवृत्ती ‘लोकांना तुच्छ लेखणे’ या शब्दांत बसते की नाही, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

अड्ड्यावर बसलेली मुले

रमजानचा शेवटचा आठवडा आला की महाडच्या बाजारपेठेत पाय ठेवायला जागा नसते. पोलादपूरच्या डोंगरभागातील कुटुंबे एसटीने उतरतात. ज्यांना परवडते ते मुंबईला महंमद अली रोड आणि नळबाजार गाठतात. अलीकडे तर मोबाइलवर बोट फिरवले की पार्सल दारात येते. मुलींच्या घागऱ्यांवर, ओढण्यांवर, नवरदेवाच्या शेरवानीवर जरीचे नक्षीकाम असते, आरसे असतात, मणी असतात. यातले बरेचसे काम यंत्रावर होते, पण जे हातचे असते त्यालाच अधिक मान असतो.

हातचे जरीकाम कसे होते? लाकडी चौकटीवर कापड ताणून बसवतात. तिला कारचोब किंवा अड्डा म्हणतात. त्याभोवती कारागीर जमिनीवर मांडी घालून बसतात आणि आरीने एकेक टाका घालतात. ही अत्यंत सुंदर कला आहे आणि ती पिढ्यान्‌पिढ्या मुस्लिम कारागिरांनी जपली आहे. परंतु मुंबईतील मदनपुरा, गोवंडी, धारावी यांसारख्या वस्त्यांमधील लहानलहान खोल्यांत या अड्ड्यांवर वर्षानुवर्षे मुलेही बसवली गेली. बिहारमधील मधुबनी, सीतामढी यांसारख्या जिल्ह्यांतून, आईबापांच्या हातावर थोडी उचल ठेवून, ‘काम शिकेल, चार पैसे पाठवील’ असे सांगून त्यांना आणले गेले. तेथेच काम, तेथेच जेवण, तेथेच झोप. बोटे बारीक, नजर तीक्ष्ण आणि तोंड बंद, म्हणून मूल हवे. काही वर्षांत ती नजर अधू होते आणि पाठ वाकते.

२००५ साली मुंबईत अशाच एका बालकामगाराच्या मृत्यूनंतर हा प्रश्न उघड्यावर आला. शासनाने धाडी घातल्या आणि जरीच्या कारखान्यांतून शेकडो मुले सोडवून त्यांच्या गावी पाठवली गेली. दोन वर्षांनी, ऑक्टोबर २००७ मध्ये, दिल्लीतील एका कारखान्यात ‘गॅप’ या अमेरिकी कंपनीच्या मुलांच्या कपड्यांवर मुलेच भरतकाम करताना आढळल्याचे वृत्त एका ब्रिटिश वृत्तपत्राने दिले. कंपनीला तो माल मागे घ्यावा लागला. मुलांच्या अंगावर घालण्यासाठी मुलांच्याच हातून काम! याहून वेगळे उदाहरण शोधण्याची गरज नाही.

येथे एक कडू गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्या अड्ड्यांवर बसलेली मुले बहुतांश मुस्लिम घरांतली होती. त्यांना बसवणारे मालकही अनेकदा आपलेच कलमा पढणारे बांधव होते. आणि तो कपडा ईदला, निकाहाला विकत घेणाऱ्यांत आपणही होतो. तिन्ही टोकांना उम्मत असताना ‘हा दुसऱ्या कुणाचा प्रश्न आहे’ असे म्हणण्यास जागा उरत नाही. आणि मूल मुस्लिम नसते, तरी उत्तर बदलले नसते. जुलूम हा जुलूमच असतो.

स्वस्ताई कुठून येते?

पूर्वी घरात वर्षातून दोनदा कपडा येई. आज दर महिन्याला फॅशन बदलते. एखाद्या नटीने घातलेला पोशाख पंधरा दिवसांत बाजारात हवा, तोही स्वस्तात हवा. हे कसे साधते? मोठी कंपनी काम एका कारखानदाराला देते. मुदत अपुरी असते म्हणून तो त्यातला भाग दुसऱ्याला देतो. दुसरा तिसऱ्याला देतो, आणि टिकल्या लावणे, मणी ओवणे, धागे कापणे यांसारखी कामे शेवटी कुठल्यातरी वस्तीतल्या खोलीत जाऊन पडतात. प्रत्येक हात आपला नफा काढून घेतो आणि दर खाली ढकलतो. ज्याच्याखाली ढकलायला कुणी उरत नाही तो शेवटचा माणूस. त्याच्या मजुरीत घर चालत नाही, म्हणून तो आपल्या मुलाला शेजारी बसवतो. तपासणी करणारे पहिल्या कारखान्यापर्यंत जातात, त्या खोलीपर्यंत सहसा पोहोचत नाहीत.

यावरून कुणी असा अर्थ काढू नये की महाग कपडा म्हणजे न्यायाचा कपडा. चाळीस हजारांच्या घागऱ्यावरही लहान हातांचे टाके असू शकतात. किंमत दुकानाच्या झगमगाटाला जाते, कारागिराला जातेच असे नाही.

महाडकरांना इमारत कोसळणे म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. २४ ऑगस्ट २०२० रोजी काजळपुऱ्यातील तारिक गार्डन कोसळली आणि १६ जीव गेले. ढिगाऱ्यातून एक लहान मूल जिवंत निघाले तेव्हा सारे गाव रडले होते. आता त्याच्या कितीतरी पट दुःख डोळ्यांसमोर आणा. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. तीत परदेशी कंपन्यांसाठी कपडे शिवणारे कारखाने होते. ११०० हून अधिक कामगार मरण पावले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. आदल्याच दिवशी भिंतींना तडे गेले होते. खालची बँक आणि दुकाने बंद झाली. शिलाई कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावले गेले, कारण माल वेळेवर पाठवायचा होता. ज्या घाईने मुलाला अड्ड्यावर बसवले, त्याच घाईने या भगिनींना तडा गेलेल्या छताखाली उभे केले.

आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना आणि युनिसेफ यांच्या अंदाजानुसार २०२४ साली जगात सुमारे १३ कोटी ८० लाख मुले बालमजुरीत होती. त्यांतील सर्वाधिक शेतीत आहेत, आणि कपड्याचा कापूसही शेतातूनच येतो. आपल्या देशाच्या २०११ च्या जनगणनेत ५ ते १४ वयोगटातील काम करणाऱ्या मुलांची संख्या एक कोटीच्या वर होती.

शरीअत काय सांगते?

हजरत शुऐब (अ.) ज्या समाजात आले तो व्यापारी समाज होता. त्यांना दिलेला संदेश कुरआनने सूरह अल-आराफ, सूरह हूद आणि सूरह अश्-शुअरा या तिन्ही ठिकाणी सांगितला आहे. माप पुरे भरा आणि लोकांना त्यांच्या वस्तू कमी करून देऊ नका. भाष्यकारांच्या मते येथे केवळ तराजू अभिप्रेत नाही. ज्याचे जे मोल आहे ते घटवणे, मग तो माल असो की श्रम, या आदेशाखाली येते. तराजूत काटा मारणारा आणि मजुरीत काटा मारणारा एकाच पंक्तीत बसतात.

बुखारी शरीफमध्ये हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी कथन केलेली हदीसे-कुदसी आहे. कयामतच्या दिवशी तीन माणसांविरुद्ध अल्लाह स्वतः वादी असेल. एक, ज्याने त्याच्या नावाने वचन देऊन दगा दिला. दुसरा, ज्याने स्वतंत्र माणसाला विकून पैसा खाल्ला. तिसरा, ज्याने मजुराकडून पुरेपूर काम घेतले आणि मजुरी दिली नाही. उचल देऊन आणलेल्या आणि ती फिटेपर्यंत न सोडलेल्या मुलाच्या बाबतीत या तीनपैकी दोन गुन्हे एकाच वेळी घडत नाहीत काय? ज्या खटल्यात स्वतः अल्लाह वादी आहे, तेथे वकील कोण देणार?

हजरत अबू जर (रजि.) यांनी कथन केलेल्या हदीसमध्ये प्रेषितांनी (स.) हाताखालच्या माणसांना आपले भाऊ म्हटले. आपण खातो ते त्यांना खाऊ घालावे, आपण नेसतो ते त्यांना नेसवावे आणि झेपणार नाही असा भार त्यांच्यावर टाकू नये, अशी आज्ञा दिली. जी मुलगी ईदच्या पोशाखावर टिकल्या लावते, तिच्या अंगावर ईदला काय असते, हा प्रश्न या हदीसने आपल्यापुढे ठेवला आहे.

आणि मुलांविषयी थेट मार्गदर्शन हवे असेल तर इमाम मालिक (रह.) यांच्या मुवत्तामध्ये हजरत उस्मान (रजि.) यांच्या खुतब्यातील ताकीद आहे. लहान मुलावर कमाईचा भार टाकू नका, कारण त्याला कमाई जमली नाही तर तो चोरी करील. खलीफा मिंबरावरून हे सांगत आहेत! चौदाशे वर्षांपूर्वी त्यांनी ओळखले होते की मुलाकडून कमाई मागणे म्हणजे त्याला पापाच्या दाराशी नेऊन उभे करणे होय.

गरिबीचे काय, असे कुणी विचारील. कुरआनने तेही अनुत्तरित ठेवलेले नाही. मुलांना गरिबीपायी मारू नका, ही आज्ञा दोन ठिकाणी आहे. सूरह अल-अनआममध्ये (६:१५१) प्रत्यक्ष गरिबीचा उल्लेख आहे आणि तेथे अल्लाह प्रथम आईबापांना आणि मग मुलांना रोजी देण्याचे आश्वासन देतो. सूरह बनी इस्राईलमध्ये (१७:३१) गरिबीच्या भीतीचा उल्लेख आहे आणि तेथे क्रम उलटा आहे, आधी मुले आणि मग आईबाप. मुलाला कामाला जुंपणे आणि त्याचा जीव घेणे एक नव्हे, हे उघड आहे. पण मुलाच्या वाट्याची रोजी अल्लाहने स्वतंत्र ठेवली आहे आणि आईबापांची रोजी त्याच्या बोटांवर सोपवलेली नाही, हा बोध त्यातून मिळतोच.

काही शंका

पहिली शंका. ‘हजरत अनस (रजि.) लहानपणीच प्रेषितांच्या (स.) सेवेत होते, मग मुलांनी काम करण्यात गैर काय?’ उत्तर हदीसमध्येच आहे. हजरत अनस (रजि.) दहा वर्षांचे असताना त्यांची आई हजरत उम्मे सुलैम (रजि.) यांनी त्यांना प्रेषितांच्या (स.) घरी दिले. ते स्वतः सांगतात की दहा वर्षांत प्रेषितांनी (स.) त्यांना कधी ‘उफ’ म्हटले नाही, हे का केले आणि ते का केले नाही असे विचारले नाही. त्या घरातून ते इतके शिकून निघाले की दोन हजारांहून अधिक हदीस त्यांच्याकडून उम्मतला मिळाल्या. तो घरकामाच्या आडून चाललेला मदरसा होता. जेथे मूल काम करता करता आलिम होते आणि जेथे मूल काम करता करता आंधळे होते, या दोन जागांना एकच नाव देणे हा अनस (रजि.) यांच्यावर अन्याय आहे. प्रेषितांनी (स.) हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांना चौदाव्या वर्षी उहुदच्या वेळी परत पाठवले आणि पंधराव्या वर्षी खंदकच्या वेळी परवानगी दिली, हेही लक्षात असू द्यावे. इस्लामचा विजय पणाला लागला होता तेव्हाही मूल हे मूलच मानले गेले.

दुसरी शंका. ‘काम बंद केले तर ते मूल उपाशी मरेल.’ ही शंका खोटी नाही. १९९३ च्या सुमारास अमेरिकेत बालमजुरीच्या मालावर बंदी घालण्याचे विधेयक आले तेव्हा बांगलादेशातील कारखानदारांनी घाबरून हजारो मुलांना एका झटक्यात काढून टाकले. त्यांतील अनेक जण दगड फोडण्यासारख्या अधिक वाईट कामांत गेले. पुढे १९९५ साली कारखानदारांची संघटना, आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना आणि युनिसेफ यांच्यात करार झाला आणि कामावरून काढलेल्या मुलांसाठी शाळा व दरमहा मदत यांची व्यवस्था झाली. यावरून शिकायचे ते हे की मुलाचे काम थांबवणे हे अर्धे काम आहे. त्याच्या हातात पाटी देणे आणि त्याच्या आईबापांच्या हातात पुरेशी मजुरी देणे हे उरलेले अर्धे. हजरत उमर (रजि.) यांचा प्रसंग इतिहासग्रंथांत आहे. रात्रीच्या गस्तीत त्यांनी एका बाळाचे रडणे ऐकले. चौकशी केली तेव्हा कळले की खलीफांनी दूध सोडलेल्या मुलांनाच भत्ता ठरवला असल्याने आई बाळाचे दूध अवेळी सोडवू पाहत आहे. उमर (रजि.) यांनी त्या आईला दोष दिला नाही. सकाळी त्यांनी नियम बदलला आणि भत्ता जन्मापासून सुरू केला.

तिसरी शंका. ‘कुठला कपडा कुणी शिवला हे आम्हाला कसे कळणार? मग सगळेच कपडे हराम झाले काय?’ नाही. खुल्या बाजारातील वस्तू मुळात वैध मानल्या जातात आणि प्रत्येक गोष्टीच्या मुळाशी जाण्याचे ओझे शरीअतने सामान्य ग्राहकावर टाकलेले नाही. ईदच्या कुर्त्यात नमाज होणार नाही, असे सांगून कुणाच्या मनात वसवसा निर्माण करण्याचा येथे हेतू नाही. परंतु फतव्याची हद्द संपते तेथे तक्व्याची सुरू होते. हजरत नोमान बिन बशीर (रजि.) यांच्या प्रसिद्ध हदीसमध्ये हलाल व हराम यांच्या मधल्या संशयास्पद गोष्टी टाळणाऱ्याने आपला दीन आणि इभ्रत वाचवली असे म्हटले आहे. न कळणे ही सवलत आहे, कळू न देणे ही सवलत नाही. आणि जेथे स्पष्ट कळले तेथे पाप व अतिक्रमणात साहाय्य न करण्याची सूरह अल-माइदाची (५:२) आज्ञा लागू होते.

चौथी शंका. ‘आमच्यासारख्या चार गावच्या माणसांनी काय होणार?’ हे वाक्य निदान महाडात तरी कुणी उच्चारू नये. मार्च १९२७ मध्ये याच गावी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्याच वर्षी डिसेंबरात दुसरी परिषद भरवायची ठरली तेव्हा जागा मिळेना. ती जागा एका मुस्लिम गृहस्थांनी दिली. पाण्यावरचा तो अन्याय त्यांच्या समाजावर होत नव्हता. तरीही त्यांनी ‘आपल्याला काय त्याचे’ असे म्हटले नाही. एका माणसाने एक जागा दिली आणि ती गोष्ट इतिहासात राहिली.

मग आपण काय करावे?

एक, गरज आणि हौस यांची वजाबाकी करावी. जुलै २०२१ मध्ये सावित्री आणि गांधारीचे पाणी घरांत शिरले. ते ओसरल्यावर दारोदार चिखलाने जड झालेल्या कपड्यांचे ढीग पडले. आपल्या कपाटात किती होते आणि त्यातले अंगावर किती चढत होते, हा हिशेब त्या ढिगांनी आपल्याला दाखवला. कुरआनने (१७:२७) उधळपट्टी करणाऱ्यांना सैतानाचे भाऊ म्हटले आहे. ईदला एक चांगला जोड पुरतो. हजरत आयशा (रजि.) सांगतात की प्रेषित (स.) घरी आपला कपडा स्वतः शिवत आणि पादत्राण स्वतः सांधत. उसवलेली शिवण घालणे ही सुन्नत आहे, ती आपल्या मुलामुलींना शिकवावी.

दोन, शिलाईचा पैसा थकवू नये. घाम सुकण्यापूर्वी मजुरी देण्याची ताकीद आपल्याला पाठ आहे. पण ईदच्या आदल्या रात्री कपडे घेऊन जाणारे आणि मजुरी पुढच्या महिन्यावर ढकलणारेही आपल्यातच आहेत. सदका-ए-फित्र जसा नमाजपूर्वी देतो, तशी शिंप्याची किंवा शिवणकाम करणाऱ्या भगिनीची मजुरीही नमाजपूर्वी पोहोचावी. दुकानात लावलेली किंमत मुकाट्याने देणारे आपण शिलाईत मात्र पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो, हे शोभत नाही.

तीन, लग्नाचे जरीकाम करवून घेताना विचारावे. काम कुठे होते? कोण करतो? मुले तर नाहीत? विचारल्याने नाते तुटत नाही. दहा ग्राहकांनी विचारले की अकरावा येण्यापूर्वी दुकानदार स्वतः चौकशी करतो. ज्या वाचकांची कापडाची दुकाने आहेत, त्यांच्यावर ही जबाबदारी अधिक आहे. सच्च्या व अमानतदार व्यापाऱ्याला प्रेषितांनी (स.) दिलेली शुभवार्ता त्यांना ठाऊकच आहे.

चार, आधी आपले अंगण पाहावे. आपल्या घरी भांडी घासायला ठेवलेली दहा-अकरा वर्षांची मुलगी, महामार्गावरच्या हॉटेलात टेबल पुसणारा मुलगा, वीटभट्टीवर आईबापांबरोबर आलेली कातकरी मुले, ही सर्व त्याच अड्ड्याची भावंडे आहेत. ‘जेवूखाऊ घालतो’ हा युक्तिवाद अल्लाहपुढे टिकणारा नाही. कायद्यापुढेही तो टिकत नाही. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणाऱ्यास सहा महिने ते दोन वर्षे कैद आणि २० ते ५० हजार रुपये दंड होऊ शकतो. शाळा सांभाळून घरच्या व्यवसायात हातभार लावण्याची सवलत त्यात आहे, पण ती शाळा बुडवण्याची परवानगी नव्हे. कुठे असे मूल दिसल्यास १०९८ या क्रमांकावर कळवणे ही चुगली नाही, ती मजलूमाची मदत आहे.

पाच, प्रत्येक जमातीने आपल्या हद्दीतील शाळा सुटलेल्या मुलांची यादी करावी. जकातीला पात्र असलेल्या त्यांच्या आईबापांना इतकी मदत द्यावी की मुलाच्या कमाईची गरजच उरू नये. रमजानात वाटलेल्या साड्या-कपड्यांपेक्षा वर्षभराची ही मदत कदाचित कमी दिसेल, पण ती एका मुलाचे आयुष्य बदलेल. आखातात राहणाऱ्या बांधवांनी गावी रक्कम पाठवताना हे मनात धरावे.

वाचकहो, सूरह अन्-निसाची नववी आयत अनाथांच्या संदर्भात आहे. आपण मरून मागे दुबळी लेकरे ठेवली असती तर त्यांची आपल्याला किती चिंता वाटली असती, याचा विचार करून अल्लाहला भ्यावे, असा तिचा आशय आहे. आपल्या मुलाच्या जागी परक्याचे मूल आणि परक्याच्या जागी आपले मूल ठेवून पाहणे, हाच या विषयाचा तराजू आहे. तो दुकानात न्या, कपाटापाशी न्या, शिंप्याच्या दारात न्या.

हे अल्लाह, आमच्या अंगावरचे वस्त्र हलाल असू दे आणि ते बनवणाऱ्याचा हक्क आमच्या मानेवर राहू देऊ नकोस. ज्या लेकरांच्या बोटांत आज सुई आहे, त्यांच्या बोटांत लेखणी दे. त्यांच्या आईबापांना सन्मानाची रोजी दे. आणि ज्या दिवशी सर्व वस्त्रे गळून पडतील, त्या दिवशी आम्हाला तक्व्याचे वस्त्र लाभू दे. आमीन.